आधीचा आवाज

प्राध्यापकांना सहलींचा तिटकारा होता आणि सहलीला जाणाऱ्यांची कीव यायची. तरीही बायकोच्या आणि मेहुण्याच्या आग्रहापुढे मान तुकवून ते गुहा बघायला आले होते. मेहुणा बायकोचा धाकटा भाऊ. बोटीवर इंजिनिअर म्हणून अर्धं जग पालथं घालून आलेला, आणि तरी प्रत्येक दगडापुढे आ वासून उभा राहणारा.

"भावोजी, लाखो वर्षं लागली असतील हे घडायला!"

"पाण्याने चुनखडक विरघळतो. त्यात दगडाचं कसलं कौतुक? त्याला दुसरा उद्योग काय होता?"

बायको हसली नाही. असल्या बोलण्यावर हसणं तिने केव्हाच सोडून दिलं होतं. ओल्या भिंतीवरून हात फिरवत ती पुढे चालली होती. छताला लोंबणाऱ्या पांढऱ्या सुळक्यांतून पाणी ठिबकत होतं. हवेला भिजलेल्या पाटीचा वास होता.

सगळ्यात आतल्या दालनाशी वाट दाखवणारी बाई थांबली. "मी इथंच थांबते. तुम्ही बघून या. फक्त आत बोलू नका."

"का? दगडांची झोपमोड होते?"

"आवाज येतो."

"येणारच. प्रतिध्वनी म्हणतात त्याला. शाळेत शिकवतात, बाई."

आत जाऊन त्यांनी मुद्दाम टाळी वाजवली. समोरच्या काळोखातून ती परत आली.

"झालं समाधान?" त्यांनी मेहुण्याला विचारलं आणि पुन्हा हात उचलले.

हाताला हात लागायच्या आत टाळी ऐकू आली.

पलीकडे दुसरी मंडळी असतील. मूर्ख कुठले. 'कोण आहे तिकडे?' असं दरडावायला त्यांनी तोंड उघडलं, आणि तेच शब्द, त्यांच्याच खेकसण्यासकट, काळोखातून आले. त्यांचं तोंड नुसतंच उघडं राहिलं.

बायकोने त्यांची बाही धरली.

"भावोजी, चला बाहेर," मेहुणा कुजबुजला.

"थांब. याला काहीतरी कारण असणार."

मग आतून बायकोचा आवाज आला. "निघू या रे आता. ऊन चढलं."

त्यांनी वळून पाहिलं. ती शेजारीच होती, ओठ घट्ट मिटून.

पाठोपाठ मेहुण्याचा आवाज. "हात दे, ताई. दगड सैल आहेत इथं."

दोघं निवांत बोलत होते. जेवायचं कुठे, घरी पोचायला किती उशीर होईल. प्राध्यापक कान देऊन ऐकत राहिले. मध्येच कुठेतरी आपण बोलूच. मेहुण्याला टोमणा मारल्याशिवाय आपल्याला राहवतंय थोडंच!

बोलणं हळूहळू लांब गेलं, विरलं.

त्यात ते कुठेच नव्हते.

वाट दाखवणाऱ्या बाईमागून ते परत निघाले. उजेड दिसला तेव्हा त्यांच्या बाहीवरची पकड सुटलेली होती.

"निघू या रे आता," बायको म्हणाली. "ऊन चढलं."

"हात दे, ताई. दगड सैल आहेत इथं."

"योगायोग!" प्राध्यापक घाईघाईने म्हणाले. "आत ऐकलं, तेच तुमच्या तोंडी आलं. साधी गोष्ट आहे."

दोघं उतरत राहिले.

"अरे, मी बोलतोय!"

मेहुण्याने मागे वळून गुहेच्या तोंडाकडे पाहिलं. त्याची नजर प्राध्यापकांवरून सहज निघून गेली.

"भावोजी असते, तर यालाही नावं ठेवली असती."

"हो ना." ती पायवाटेवर क्षणभर थांबली. "कसा होता रे त्यांचा आवाज?"