आवाज खालून आला

अप्पांना छातीच्या डॉक्टरांकडे न्यायचं, एवढंच त्या दिवशीचं काम होतं. दुपारची वेळ आणि डोंगरावरून खालच्या गावापर्यंतचा रोजच्या पायाखालचा रस्ता. यात घाबरण्यासारखं काय असणार? तरी त्यांचा थोरला मुलगा अंगणात गाडीच्या दाराला हात लावून उभा राहिला, आणि त्याच्याने दार काही उघडवेना.

गाडी त्याच्या आईची. आई डोंगरावरच्या वस्त्यांची नर्स होती. तापाने फणफणलेली पोरं, अडलेल्या बायका, मोडलेले हातपाय, सगळ्यांसाठी ती जन्मभर या गोल पाठीच्या निळ्या गाडीतून फिरली. गाडी वयाने थोरल्यापेक्षाही मोठी. तिच्या इंजिनाचा आवाज डोंगरात लहानथोरांच्या ओळखीचा होता. आधी एक खोकला, मग ढबढब, आणि चढ लागला की घशातल्या घशात घरघर. तो आवाज खालून यायला लागला की लोक चुलीवर पाणी ठेवायचे, आजारी माणसाला पांघरुणात गुंडाळून दारात येऊन उभे राहायचे. बाई पोचण्याआधी धीर पोचायचा.

आई गेली आणि गाडी शेडमध्ये पडली ती पडलीच. पुढे अप्पांची छाती भरू लागली. दर आठवड्याला खाली जाणं भाग होतं. पण अप्पा हट्टाचे पक्के. "जाईन तर हिच्या गाडीतून. नाहीतर मी इथेच बरा आहे." आणि ती गाडी सुरू केली की तिच्या धुराने त्यांचाच जीव कासावीस व्हायचा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

तेव्हा धाकटी बहीण म्हणाली, "मी इंजिन काढते आणि बॅटरी बसवते." गोदामात माल उचलणाऱ्या बॅटरीच्या गाड्या दुरुस्त करायचं तिचं काम होतं, त्यामुळे ती नुसतं बोलत नव्हती. थोरला सुतार. गाडीचा लाकडी डॅशबोर्ड त्याने स्वतः घडवलेला, इंजिन कसं ऐकायचं ते आईकडून शिकलेला. तो भडकला.

"इंजिन काढलंस तर राहिलं काय? पत्रा?"

"आणि शेडमध्ये गंजतंय ते काय आहे? आई?"

ते वाक्य त्याच्या फार जिव्हारी लागलं. त्या दिवसापासून भावाबहिणीचं बोलणं बंद. धाकटीने कामावरून आल्यावर एकटीने राबून गाडी बदलली. थोरला एकदाही शेडकडे फिरकला नाही.

पण ऐन डॉक्टरच्या दिवशी तिला कामावरून सुटी मिळेना. तिने फोन केला. "दादा, आज तूच ने त्यांना. ती गाडी दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची नाही. आणि ऐक... हॉर्नची वायर जोडायची राहिली आहे. सांभाळून."

"म्हणजे आवाजही नाही आणि हॉर्नही नाही? लोकांना कळणार कसं गाडी येतेय ते?"

"हळू चालव ना मग!" तिने फोन ठेवला.

"बसतोस, की मुहूर्त बघतोयस?" अप्पा आतून ओरडले आणि खोकले.

थोरला बसला. किल्ली फिरवली. काहीच झालं नाही, असं वाटलं. मग त्याने पाय टेकवला आणि अंगण मागे सरकू लागलं. चाकाखाली खडे कुरकुरले, तेवढंच. जणू कुणी हात धरून गाडीला चालवत नेत होतं.

पहिल्या वळणावरच धुकं आलं. खालून दरीतून उठलं आणि बघता बघता काचेला चिकटलं. दिवे लावले तर उजेड धुक्यातच विरघळून गेला. पुढचा रस्ता म्हणजे चार हात ओलं डांबर आणि त्यापलीकडे नुसता पांढरा काळोख. पाय उचलला की गाडी कुणीतरी मागून ओढून धरल्यासारखी संथ व्हायची. मोटर स्वतःच ब्रेक लावते, हे तंत्र धाकटीने अप्पांना समजावलं होतं आणि अप्पांनी ते त्याला आता समजावलं. तरी दर खेपेला थोरला मागे वळून पाहायचा.

आणि वास. इतकी वर्षं गाडीत पेट्रोलचा वास भरलेला असायचा. तो गेला, तसा त्याच्या खाली दबलेला दुसरा वास सीटमधून वर येऊ लागला. जंतुनाशकाचा, उकळलेल्या कापसाचा. आईच्या बॅगेचा.

"अप्पा... तुम्हाला येतोय का?"

"मघापासून," अप्पा हलकेच म्हणाले. विशेष म्हणजे ते खोकत नव्हते.

थोरल्याचा सगळा जीव डोळ्यांत आला होता. या रस्त्यावर माणसं चालत असतात, शेळ्या असतात, शाळेतून परतणारी पोरं असतात. आणि आपण मांजराच्या पावलांनी येतोय. एखादं लेकरू समोर आलं तर? तो चालण्याच्या वेगाने जात होता.

धुक्यातून आधी एक मोळीवाला दिसला. मोळी डोक्यावरून उतरवून, डोंगराच्या भिंतीला पाठ लावून तो उभा होता. गाडी जवळून गेली तसा त्याने हात वर केला. पुढच्या वळणावर एका बाईने आपल्या शेळ्या आधीच कडेला घेतल्या होत्या. मग दप्तरं लावलेली तीन पोरं ओळीने भिंतीला चिकटून उभी दिसली.

"लोक शहाणे आहेत रे. सगळे बाजूला होताहेत," अप्पा म्हणाले.

"तेच म्हणतोय मी..." थोरला म्हणाला. "त्यांना कळतंय कसं?"

अप्पांनी आपल्या बाजूची काच थोडी खाली केली आणि कान दिला. बाहेर काहीच नव्हतं. पानांवरून थेंब गळत होते, ते सुद्धा मोजून घ्यावेत इतकी शांतता.

त्याच्याही पुढे, जिथे एक पायवाट रस्त्याला मिळते, तिथे एक तरुण बाई उभी होती. छातीशी शालीत गुंडाळलेली लहान मुलगी. गाडी थांबायच्या आत तिने दाराला हात घातला.

"पोरीला श्वास घेता येत नाही... सकाळपासून घसा बंद झालाय. मला खाली सोडा."

"बसा, बसा आधी!" अप्पा म्हणाले.

ती मागे बसली. मुलीच्या छातीतून बारीक शिटीसारखा आवाज येत होता. थोरल्याने गाडी काढली आणि आरशात पाहत विचारलं, "कधीपासून उभ्या होतात?"

"आत्ताच आले. घरात बसून रडत होते. मग नर्सबाईंच्या गाडीचा आवाज आला, तशी पोरीला उचललं आणि धावत सुटले."

थोरल्याने पुन्हा आरशात पाहिलं. "कसला... आवाज?"

"इंजिनाचा. लहानपणी रोज ऐकलाय, लग्न होऊन लांब गेले म्हणून विसरेन होय? खालच्या वळणापासून वर येत होता."

"पण... आम्ही वरून आलो."

बाईचं त्याच्या बोलण्याकडे लक्ष नव्हतं. ती मुलीच्या तोंडावर वाकली होती. थोरल्याने समोर पाहिलं. खालून एकही गाडी आली नव्हती. यायला दुसरी वाटही नव्हती. पण आता मात्र त्याला भीती वाटेना. का कोण जाणे, पुढचा रस्ता मोकळा आहे असं त्याच्या हातांना कळत होतं. त्याने वेग वाढवला. वळणामागून वळण धुक्यातून उलगडत गेलं, आणि प्रत्येक ठिकाणी माणसं आधीच कडेला उभी होती.

दवाखान्याच्या दारात कुणीतरी मुलीला हातातून जवळजवळ हिसकावून आत नेलं. संध्याकाळी आतून तिच्या रडण्याचा आवाज आला. चांगलं खणखणीत, भोकाड पसरून रडणं. बाहेर बाकावर बसलेले अप्पा ते ऐकून हसले आणि मग डोळे पुसू लागले.

धाकटी कामावरून धावत आली. भावासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "कशी चालली?"

"चांगली चालते," थोरला म्हणाला. "माझं ऐकलं असतंस तर ही शेडमध्ये असती. आणि ती बाई... अजून तिथेच उभी असती." मग त्याने बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला. लहानपणी ठेवायचा तसा.

त्यानंतर दिवस बरे आले. अप्पा दर आठवड्याला न खोकता खाली जाऊ लागले. नव्या नर्सला वस्त्यांवर न्यायला भाऊ आणि बहीण आळीपाळीने गाडी काढू लागले. ज्या डोंगरात बाईंच्या मागे कुणी फिरकत नव्हतं, तिथे पुन्हा कुणीतरी वेळेवर पोचू लागलं. गाडीत बसलेल्यांना कधीच काही ऐकू आलं नाही. पण लोक दारात तयार असायचे.

एका सकाळी ती तरुण बाई मुलीला घेऊन भेटायला आली. मुलगी अंगणभर पळत होती. थोरला रंधा मारत होता, धाकटी पलीकडे गाडीखाली काहीतरी आवळत होती.

"त्या दिवशी धड बोलताही आलं नाही," बाई म्हणाली. "नर्सबाईंना माझा नमस्कार सांगा. त्या थांबल्या नसत्या तर मी उलटी परत फिरले असते."

रंधा जागीच थांबला. "थांबल्या?"

"हो ना. काच खाली करून म्हणाल्या, घाबरू नकोस, वरून माझी गाडी येतेय, त्यात बस. आणि त्यांच्या शेजारी एक गृहस्थ खोकत बसले होते, ते तिथेच उतरले. बाई म्हणाल्या, यांनाही त्याच गाडीतून येऊ दे. धुक्यात चेहरा काही दिसला नाही मला. मी पोरीच्या नादात होते, मागे वळून पाहिलंच नाही..." तिने ओशाळून विचारलं, "ते आले ना नीट तुमच्याबरोबर?"

थोरल्याने ओट्यावर निवांत, न खोकता बसलेल्या अप्पांकडे पाहिलं. मग सावकाश म्हणाला, "आले... आले की."

बाईला बरं वाटलं. मुलीला कडेवर घेऊन ती फाटकाबाहेर पडली.

गाडीखालून धाकटीने डोकं बाहेर काढलं.

"दादा, कोण आलं रे?"