दोन चाळीसचं रेकॉर्डिंग

मोबाईल खाली ठेवा, मग सांगतो. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मध्ये हसलेलं मला चालत नाही.

माझा साडू तुम्हाला माहीत नसेल, तर तुमचं नशीब चांगलं. घरात आम्ही त्याला 'सर्वज्ञ' म्हणतो, अर्थात त्याच्या पाठीमागे. डॉक्टरला औषध सांगेल, गवंड्याला ओळंबा धरायला शिकवेल. मी चाळीस वर्षं गाड्यांची इलेक्ट्रिकची कामं केली. पण त्याच्या लेखी मी कोण? वायरी चिकटवणारा.

तर गेल्या डिसेंबरची अकरा तारीख, बुधवार. अमावस्या-बिमावस्या काही नव्हती, उगाच चेहरे करू नका. मेहुणीची इस्त्री दुरुस्तीला आली होती, ती द्यायला मी संध्याकाळी पाचला त्यांच्याकडे गेलो. साहेब गाडीत उलटे पडलेले. डोकं ब्रेकपाशी, पाय दाराबाहेर. गाडीच्या दारावर कुणीतरी बोटभर ओरखडा काढला होता. तेवढ्यासाठी गल्लीतल्या एकूण एक माणसावर संशय घेऊन झाला होता, समोरच्या म्हाताऱ्या शिक्षिकेवरसुद्धा. आता पुढच्या काचेला डॅशकॅम लावून चोर पकडायचा होता. गाडी बंद असली तरी तो रात्रभर चालू राहावा, म्हणून त्याची वायर फ्यूज बॉक्समध्ये जोडणं चाललं होतं.

"सरक, मी देतो करून," मी म्हटलं. "एक वायर कायम करंट असणाऱ्या फ्यूजला, दुसरी किल्ली फिरवल्यावर चालू होणाऱ्या फ्यूजला, तिसरी बॉडीला अर्थ. टेस्ट लॅम्प लावून बघितलंस का, कुठल्या फ्यूजला..."

"व्हिडिओ बघितलाय मी," सीटखालून आवाज आला. "बारा मिनिटांचा. त्यात काय एवढं?"

मी इस्त्री दिली आणि चालू पडलो. माझं काय जातंय?

एक गोष्ट आधी सांगायला हवी. त्याच वर्षी मार्चमध्ये त्याचे वडील गेले. त्याच गाडीत, मागच्या सीटवर, हॉस्पिटलच्या वाटेवर. "छातीत दुखतंय म्हणाले, आणि मी अंगावरच्या कपड्यांनिशी गाडी काढली. पण नशिबापुढे काय..." असं सर्वज्ञ भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा. डोळे पुसत. आम्ही माना डोलावल्या. करणार काय?

आता त्या रात्रीचं. हे त्यानेच मला सांगितलंय.

बायको आत झोपलेली. हा पुढच्या खोलीत दिवा मालवून खिडकीशी बसला. डॅशकॅममधलं चित्र मोबाईलवर दिसत होतं. समोर कंपाउंडची भिंत, तिच्यावर बल्बचा उजेड, बस. चोर सोडाच, मांजरही नाही. हा जांभया देत शेजाऱ्यांना शिव्या घालत होता.

चित्राच्या खालच्या कोपऱ्यात तारीख, वेळ आणि गाडीचा वेग उमटतो. वेग शून्य. उभ्या गाडीला वेग कसला?

बुधवार उलटून गुरुवार लागलेला. दोन चाळीस.

शून्याचे बारा झाले.

मग तीस.

भिंत जागच्या जागी. वेग पन्नास.

त्याने पडदा सारला. गाडी फाटकापाशी उभी होती. दिवे बंद. आत अंधार. काचेवर डॅशकॅमचा निळा ठिपका तेवढा.

"भंगार माल," तो पुटपुटला. याला जे कळत नाही ते सगळं भंगार.

आणि मोबाईलमधून आवाज आला. गाडीच्या आतला.

धाप लागलेला श्वास... थांबला... पुन्हा सुरू झाला...

"अरे..."



"हा गॅस नाहीये रे..."

साठ. सत्तर.

"जरा... लवकर..."

मोबाईल बंद करायला बोट उचलेना. बायकोला हाक मारायला जीभ हलेना. जो माणूस जन्मात कधी दोन मिनिटं गप्प बसला नाही, तो पंचवीस मिनिटं तसाच बसला.

तीन पाचला वेग उतरला. वीस. दहा. शून्य.

"आलो..."

मागचं दार उघडलं. लागलं. मोबाईलमध्ये. बाहेर काहीच हललं नाही.

मग चित्र काळं.

सहा वाजता मला फोन. "येऊन जा जरा." त्याच्या तोंडून 'जरा' मी पहिल्यांदाच ऐकलं. गेलो. डॅशकॅममधलं कार्ड काढून ती पंचवीस मिनिटं पाहिली. आवाजही ऐकला. तो कसा होता, हे मला विचारू नका.

मग फ्यूज बॉक्स उघडून टेस्ट लॅम्प लावला. या शहाण्याने दोन्ही वायरी एकाच फ्यूजला कोंबल्या होत्या. किल्ली फिरवल्याशिवाय ज्याला करंटच येत नाही, अशा फ्यूजला. म्हणजे गाडी बंद झाली की डॅशकॅमही मेला.

"किल्ली कुठे होती रात्री?"

"खिशात. माझ्याच."

"मग हा चालला कशावर?"

त्याने खिशातून किल्ली काढून बघितली.

मेहुणी घराच्या दारात उभी होती. कधी आली कोण जाणे. नवऱ्याकडे बघत म्हणाली, "बाबा गेले त्या रात्री त्यांनी तुम्हाला किती वाजता उठवलं होतं, ते सांगा ना भाऊजींना."

त्याने किल्ली पुन्हा खिशात घातली.

"दोन चाळीसला," तिनेच सांगितलं. "मी घड्याळ बघितलं होतं. हे म्हणाले, गॅस आहे, गोळी घ्या आणि झोपा. मी दोनदा म्हटलं, नेऊ या. मला म्हणाले, तुला काय कळतं? गाडी निघाली साडेपाचला."

मला त्याची कीव यायला हवी होती, नाही? तुम्ही चांगली पोरं आहात, तुम्हाला आली असती. मला नाही आली. त्याने त्याच तोंडाने मला विचारलं, "वायरिंगचाच काहीतरी फॉल्ट असेल ना?" मी अवजारं उचलली आणि गाडीतून उतरलो.

रात्रभर पडलेल्या दवाने बोनेट ओलं होतं. काचही ओली. आणि वायपरखाली एक चिठ्ठी होती. कोरडी.

हॉस्पिटलच्या फाटकावर गाडी आत सोडताना देतात ना, तसली. डॅशकॅमच्या अगदी समोर. ती तिथे ठेवताना रेकॉर्डिंगमध्ये कोणी दिसत नाही. मी पुन्हा तीनदा पाहिलंय.

पेनाने लिहिलेलं. गाडीचा नंबर हाच. तारीख बारा डिसेंबर. वेळ तीन पाच.

पेशंट: एक.

सोबत: कोणी नाही.