चाळीस किलोमीटर

लिस्बनहून व्हिएन्नाला आता वीस मिनिटं लागत. विमान वर चढतंय न चढतंय तोच उतरायची सूचना होई, आणि चहा मागणाऱ्याला हवाईसुंदरी हसून हात जोडी. तेवीसशे किलोमीटरचं अंतर साठवर आलं होतं. विमानं तीच, वेगही तोच. आक्रसली होती ती मधली जागा. या किमयेला ‘अंतरबदल’ म्हणत, आणि शर्मिष्ठा रेडकर त्या खात्याची मुख्य गणिती होती.

आज मात्र ती पोर्तुगालमधल्या एका डोंगरी खेड्यात, बेलमिरो नावाच्या म्हाताऱ्यासमोर चोरासारखी बसली होती. कानातल्या दुभाषी यंत्राला तिने साताऱ्याकडची बोली शिकवून ठेवली होती. म्हातारा बोले पोर्तुगीज, पण तिला थेट आजोळ ऐकू येई.

“बाई, पल्याडच्या वाडीत माझी थोरली भैन ऱ्हाती. आंधळी हाय. दोन किलोमीटरची पायवाट. रोज दुपारी जेवान घिऊन जायचो. आता सकाळी निघालो तर दिस मावळला तरी वाडी येत न्हाई.”

“बाबा, ती वाट आता बेचाळीस किलोमीटर झालीय.”

“ती कशापायी?”

“चादर एकीकडे ताणली की सुरकुती दुसरीकडे सरकते ना? तसंच. अंतर नाहीसं होत नाही, फक्त हलवता येतं. विमानाच्या वाटेतलं अंतर काढून आम्ही चाळीस-चाळीस किलोमीटर छप्पन्न ठिकाणी टाकलं. जिथे कुणी येत-जात नाही, अशा ठिकाणी.”

“आन मी कोन मग?”

शर्मिष्ठाची मान खाली गेली. खात्याने वर्षभराची तिकिटं आणि गाड्यांच्या नोंदी तपासल्या होत्या. या वाटेवर शून्य आलं. पायी चालणारा तिकीट काढत नाही, एवढी साधी गोष्ट एकाही विद्वानाच्या डोक्यात आली नव्हती. तिच्याही नाही. तिला स्वतःची लाज वाटली.

“फोनवर सांगितलं तिला. तर म्हनती, दोन पावलांवर ऱ्हातोस आन सबबी सांगतोस? रुसलास व्हय? डाक्टर म्हनतो, आठ-पंधरा दिसांची सोबती हाय. तशीच गेली तर?”

“मी हे अंतर आत्ता काढते. पण ते दुसरीकडे टाकावंच लागेल.”

“समुद्रात टाका की!”

“पाण्यात टिकत नाही. जमीनच लागते.”

“मग जितनं आनलं तितं न्या.”

“विमानांची वाट बदलणं माझ्या हातात नाही. त्या मंजुरीला वर्ष लागेल.”

खात्याचा नियम असा, की तक्रार करणाऱ्यानेच नवी जागा सुचवून सही करायची. तिने नकाशा पसरला. बेलमिरोचं बोट एका हिरव्या ठिपक्यावर थांबलं. दोन टेकड्या, मधे पायवाट, दोन्ही टोकांना चार-दोन घरं.

“हितं कोन ऱ्हातं?”

“माहीत नाही. नोंद शून्य आहे.”

त्या शून्याचा अर्थ त्याच्याइतका दुसऱ्या कुणाला कळला असता? तो बराच वेळ त्या घरांकडे बघत राहिला.

“टाका,” तो अखेर म्हणाला आणि त्याने सही केली.

अर्ध्या तासात तो बहिणीच्या दारात पोचला. त्या दुसऱ्या वाटेवर तेव्हा कुणी चालत होतं का, हे शर्मिष्ठाला उपग्रहातून बघता आलं असतं. तिने बघितलं नाही.