खाकी कव्हरचं पुस्तक

डोंबिवलीत वाचणारी माणसं फार, असं म्हणतात. म्हणणारे बहुधा स्वतः वाचत नाहीत. मी वाचते, त्यामुळे मला ठाऊक आहे की इथे वाचणाऱ्यांपेक्षा वाचल्याचं सांगणारेच जास्त.

आमची पुस्तक भिशी त्यातलीच. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी कुणाच्या तरी घरी जमायचं, उपमा खायचा आणि आपल्याला मिळालेलं पुस्तक इतरांनी का वाचावं ते सांगायचं. मग सगळी पुस्तकं परातीत ठेवून चिठ्ठ्या काढायच्या. ज्याच्या वाट्याला जे येईल ते त्याने महिनाभर मुकाट वाचायचं. प्रत्येक पुस्तकाला शाळेतल्यासारखं खाकी कव्हर घालायचं, हा नियम विमलाबाईंचा. लेखकाचं नाव बघून कुणी नाक मुरडू नये म्हणे. नियम माझ्यासाठीच केला होता हे उघड होतं. मी कव्हरसकट नाक मुरडायचे.

काय एकेक नग होते! नंदा रहस्यकथावाली. तिसऱ्या पानावर खुनी ओळखायची, अंदाज चुकला की लेखकालाच नावं ठेवायची. शिवाय बोलणाऱ्याला प्रश्न विचारून विचारून हैराण करायची. महेंद्र टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला. पहाटे उठा, पाणी प्या, यशस्वी व्हा, असली पुस्तकं त्याने कपाटभर वाचली आणि भिशीला मात्र कायम उशिरा आला. विमलाबाईंना इतिहास लागायचा. घोड्याच्या टापा आल्या की पदर डोळ्याला. बाकीचे उपम्यासाठी येत. मी ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये छपाईच्या शाईच्या कंपनीत तपासणीचं काम केलेलं आहे. शाई बरी की वाईट हे कळायला मला कुणाची शिफारस लागली नाही, आणि पुस्तकाचंही तेच.

मग जायचे कशाला? सलिलसाठी. माझा नवरा विजेचं बिल सोडून काही वाचत नाही. पण भिशीवरून परतले की तो गॅलरीत वाट बघत बसलेला असायचा. "आज कुणाची उडवलीस?" मी सांगायचे, नकला करायचे, आणि तो ठसका लागेपर्यंत हसायचा. माझ्या जिभेला जगात हे एकच गिऱ्हाईक आहे, हे मला पक्कं माहीत होतं. तो नसेल तर माझ्या सगळ्या हुशारीचं लोणचं घालायचं का?

जानेवारीत नंदाने एका पुस्तकाची फार तारीफ केली. "पोलीस नाही, रक्त नाही, पण काय रहस्य आहे गं!" कव्हरच्या कोपऱ्यावर कुणाचं तरी हळदीचं बोट उमटलेलं होतं, म्हणून ते माझ्या लक्षात राहिलं. चिठ्ठीने ते महेंद्रकडे गेलं. फेब्रुवारीत तो तेच पुस्तक हातात धरून उभा राहिला आणि मन कसं जिंकावं यावर बोलू लागला.

मी सोडते होय! "महेंद्र, मागच्या महिन्यात ही रहस्यकथा होती."

"हो मॅडम."

"मग दोघांपैकी कुणी वाचलेलं नाही?"

उत्तर नंदाने दिलं. "दोघांनी वाचलंय. तो बरोबर सांगतोय."

सगळे हसले. मी सर्वांत मोठ्याने हसले. नंदाने त्या सकाळी कुणालाही एकही प्रश्न विचारला नाही, हे घरी आल्यावर मला आठवलं.

मार्चमध्ये विमलाबाईंनी त्याच पुस्तकातली लढाई सांगितली. डोळ्याला पदर लावला नाही. शांत, तृप्त आवाजात सांगितली, पंगतीतून उठल्यासारखी. नंदा आणि महेंद्र दोघं मान डोलवत होते. त्या दोघांनी परातीत पुस्तक ठेवलं नाही, की चिठ्ठी काढली नाही. "आता पुरे," महेंद्र म्हणाला. त्याच आठवड्यात स्टेशनजवळच्या रद्दीच्या दुकानात नंदाच्या रहस्यकथा सुतळीने बांधून ठेवलेल्या मला दिसल्या. पहिल्या पानावर तिचं नाव होतं.

तिचे यजमान भाजीवाल्यापाशी भेटले. पिशवी या हातातून त्या हातात घेत राहिले.

"नंदा तुमच्याशी बोलते का हो?"

"का बरं?"

"मुलाने लग्न ठरवलं परवा. फोनवर सांगितलं त्याने. मुलगी कोण, कुठली, काय करते, काही विचारलं नाही हिने. बरं म्हणाली."

मला हसूच आलं. वाचून वाचून शेवटी शहाणी झाली, असं मी सलिलला सांगितलं. तोही हसला.

त्या महिन्यात हळदीच्या बोटाचं पुस्तक माझ्या वाट्याला आलं होतं. मी ते वाचणार नव्हते. या तिघांनी वाखाणलेलं पुस्तक वाचायचं म्हणजे आपणहून ताटात माशी घेण्यासारखं. पण बघणं वेगळं आणि वाचणं वेगळं. मी ते उलटं धरून उघडलं. कागद पिवळा, ठिसूळ, खूप जुना. छापखान्याचं नाव कुठेच नाही. ओळीवरून अंगठा फिरवला तर अंगठा काळा झाला. जुन्या कागदावर शाई अशी ओली राहत नाही. फडक्याने टिपली, पंख्याखाली वाळवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओली. वास मात्र ओळखीचा होता, नुकत्याच उघडलेल्या शाईच्या डब्यासारखा. मी पुस्तक फ्रिजवर टाकून दिलं.

एका दुपारी बाजारातून आले तर सलिल ते वाचत बसलेला.

आधी मला हसू फुटलं. "अरे, बिल नाहीये ते!"

त्याने वर पाहिलं नाही. "आमच्या कॉलनीचं आहे गं. आंबिवलीच्या. बाबा कारखान्यात होते तेव्हाचं." पान उलटताना त्याचा अंगठा काळा दिसला. "इतकं बारीक लिहिलंय, आईच्या स्टोव्हचा वास येतोय."

"दाखव," असं मी म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "गाढवाला गुळाची चव काय!" आणि भाजी निवडायला बसले.

तो रोज थोडं थोडं वाचत राहिला. एप्रिलची भिशी झाली, पण पुस्तक त्याच्या हातातून सुटेना म्हणून मी ते परत नेलंच नाही. आश्चर्य म्हणजे कुणी मागितलंही नाही. घरी आले तेव्हा तो गॅलरीत नव्हता. मीच आत जाऊन सगळी नक्कल केली, विमलाबाईंच्या मान डोलवण्यासकट. त्याने शेवटपर्यंत ऐकलं.

"बरं," तो म्हणाला.

लढाई सांगताना विमलाबाईंचा होता ना, तोच आवाज. तृप्त.

पुढच्या दिवसांत त्याने आज भाजी काय, हे विचारणं सोडलं. कोण आलं होतं, विचारणं सोडलं. मला ताप आला तर उशाशी पाणी आणून ठेवलं, कसं वाटतंय विचारलं नाही.

मी पुस्तक लपवलं. त्याने न विचारता शोधून काढलं.

मग एका दुपारी चष्मा नाकावर तसाच ठेवून त्याचा डोळा लागला. पुस्तक छातीवर होतं. एकच पान उरलं होतं.

मी डोळे घट्ट मिटले आणि ते पान फाडलं.

मोरीत बादलीत बुडवून चुरगाळलं, लगदा होईपर्यंत. एवढ्याशा कागदाने बादलीभर पाणी काळंभोर झालं. मी ते ओतून टाकलं आणि हात घासत बसले.

बाहेरून त्याची हाक आली.

"मैथिली, शेवटी काय झालं?"

प्रश्न! किती दिवसांनी! मी रडले, खोटं कशाला सांगू. साजूक तुपातला शिरा केला. शिरा खाताना त्याने विचारलं, "शेवटी काय झालं?" खाऊन झाल्यावर विचारलं. अंघोळ करताना आतून विचारलं. नंदाच्या दारात जाऊन तिला विचारलं, महेंद्रला विचारलं. ते हसले आणि आपापल्या खुर्चीत जाऊन बसले. परत आला तो पुन्हा माझ्याकडेच.

दुसरा प्रश्न त्याच्याकडे उरलाच नव्हता. जेवण तुटलं. सदरे खांद्यावरून ओघळायला लागले. आणि उत्तर माझ्याकडे नव्हतं, कारण ते पान वाचण्याच्या लायकीचं आहे असं मला वाटलंच नव्हतं.

एका संध्याकाळी वैतागून मी एक शेवट ठोकून दिला. म्हटलं, मुलगा फाटकापाशी उभा आहे, कारखान्याचा भोंगा वाजतो, सगळ्यांचे बाबा बाहेर येतात.

सलिलने नीट ऐकलं. "असं नाही," तो म्हणाला. "पण सूर तोच आहे."

त्या रात्री तो दोन पोळ्या जेवला.

तेव्हापासून रोज एक शेवट. दुसऱ्यांच्या गोष्टींना आयुष्यभर नाकं मुरडणारी मी, रोज संध्याकाळी त्याच्यासमोर बसून गोष्ट रचते. आंबिवलीची ती कॉलनी मी कधी पाहिली नाही. तरी नळाला बांधलेलं फडकं, जिन्यावरचा कोळसा, आपोआप येतं. तो जेवतो. तो माझ्याकडे बघतो. जोवर शेवट लागत नाही तोवर तो माझा आहे, म्हणून मी मुद्दाम चुकीचं सांगायला जाते.

"जवळ आलीस," तो म्हणतो.

काल म्हणाला, "आता एकच वाक्य राहिलं."

आज सकाळी भेंडी चिरताना ते वाक्य मला सुचलं. सुरी हातातच राहिली. दुसरं काही रचायचा मी दिवसभर प्रयत्न केला. दुसरं काहीच येत नाही.

संध्याकाळ झाली आहे. सलिल समोर खुर्ची ओढून बसला आहे. आज त्याने अजून काहीच विचारलेलं नाही.

तो माझ्या ओठांकडे बघतो आहे.