बेवारस हुंकार

बाजू अ

ग्रंथालयात तिला सगळे हक्कबाई म्हणत. कुठल्या पुस्तकावर कोणाचा हक्क, कोणाला विचारल्याशिवाय एका पानाचीही झेरॉक्स काढायची नाही, हे सगळं तिच्या जिभेवर. लेखक गेला, वारस सापडेना, अशांसाठी जांभळा शिक्काही तिनेच बनवून घेतला होता : बेवारस. शिक्का पडला की ग्रंथालय ते कोणालाही द्यायला मोकळं.

त्या सकाळी तो शिक्का तिच्या आईवर पडला.

आई हयात असताना याच इमारतीत, तळमजल्यावरच्या मुलांच्या खोलीत गोष्टी सांगायची. स्वतः रचलेल्या. ग्रंथालयाने त्या कॅसेटवर उतरवून घेतल्या होत्या. समोर हुंकार द्यायला पोटची पोर, म्हणजे हीच. हुंकार थांबला की आई गोष्ट थांबवून विचारायची, "झोपलीस वाटतं?" मग टेपवर खुदकन हसू. आता एका कंपनीला त्या गोष्टी मोबाइलवर ऐकवायला हव्या होत्या.

शिक्का पडलेली कॅसेट हातात घेऊन ती साहेबांच्या केबिनमध्ये घुसली. दार वाजवलंच नाही.

"हा शिक्का कोणी मारला?"

"मी. पेपरात जाहिरात दिली, महिनाभर वाट पाहिली. कोणी फिरकलं नाही."

"मी शेजारच्या खोलीत बसते, साहेब!"

"तुम्ही कर्मचारी. कर्मचाऱ्याला इथे हक्क सांगता येत नाही. नियम तुमचाच."

"नियम चोरांसाठी केला होता. लेकीसाठी नाही."

"आवाज खाली. दुपारी कंपनीची माणसं येतायत. आणि बाई, एकदा मारलेला शिक्का पुसायची सोय तुम्हीच ठेवली नाहीत."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच जागेवर येऊन बसली.

चहावाले मामा आले. टायपिस्टला कप, कारकुनाला कप. तिचा बिनसाखरेचा तसाच ट्रेमध्ये राहिला.

"मामा, माझा?"

मामांनी फडकं काढलं आणि तिच्यासमोरचं टेबल पुसलं. कारकुनाला म्हणाले, "इथं कोणी बसतं का हो? किती ही धूळ!"

"नवीन बाई येणारेत म्हणे," कारकून म्हणाला.

"साहेबांनी पढवलंय वाटतं तुम्हाला!" ती कडाडली. "माकडांनो, मी काय मेलेय?"

कोणी मान वर केली नाही. करू देत नाटकं. तिने मावशीला फोन लावला. आईची सख्खी बहीण. तिचा एक शब्द साहेबांच्या तोंडावर मारला की काम झालं.

"मावशी, मी गं. मी आईची लेक आहे, एवढं साहेबांना सांग."

"कोणाची लेक?"

"तुझ्या ताईची! अजून कोणाची?"



"ताईला मूलबाळ नव्हतं हो. तिच्या दुःखाची अशी थट्टा का करता?"

मावशीने तिला जन्मात कधी अहोजाहो केलं नव्हतं.

बाजू ब

ठीक आहे. पुरावा तर हातातच होता. टेपवर तिचा स्वतःचा आवाज होता. तो काय शिक्क्याने पुसणार?

ऐकण्याच्या खोलीत तिने कॅसेट यंत्रात घातली. दार सताड उघडं ठेवलं. ऐकू दे सगळ्यांना.

खरखर. मग आई.

"एक होतं घर. त्याला दारं होती, पण भिंतीच नव्हत्या."

इथे तिचा हुंकार असायचा.

नव्हता.

"त्या घरात रोज कोणीतरी हाक मारायचं."

खरखर. आई थांबली, गोष्ट सांगणारं माणूस थांबतं तशी. मग आपणच पुढे सरकली. समोर कोणी नसल्यासारखी.

"झोपलीस वाटतं" आलं नाही. हसू आलं नाही.

तिने टेबलावर मूठ आपटली.

"हूं!" ती ओरडली. "हूं, आई! हूं!"

आईचा आवाज तुटला.

खुर्ची सरकली. टेपवर.

"कोण आहे?"

आईच्या आवाजात भीती होती.

"हूं," ती हळूच म्हणाली. "मी आहे."

"खोलीत कोणी नाही ना हो?" आईने दुसऱ्या कोणालातरी विचारलं. "बंद करा ते. बंद करा आधी."

टेपवर खटकन बटण दाबल्याचा आवाज आला.

यंत्रातली कॅसेट फिरतच होती.