मारिया लोपीस, अल्प आजाराने

यातला एक शब्दही पदरचा नाही. ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसा. महिन्याभरापूर्वी मीही हसले असते.

गेल्या ऑक्टोबरचा दुसरा शनिवार. वसई गावातल्या एका जुन्या वाचनालयाचा माळा. वेळ भर दुपारी दोनची.

माझी मार्गारेट आत्या भुईगावला अंथरुणाला खिळली होती. डॉक्टर म्हणाले, फार तर एखादा महिना. तिचं एकच मागणं होतं.

"मर्लिन बाय, माझी आई गेली ती तारीख शोधून दे. त्या तारखेला चर्चमध्ये तिच्या नावाने प्रार्थनेची एक मिस्सा होऊ दे. मग मी जायला मोकळी."

आत्याची आई, म्हणजे माझी सख्खी आजी, आत्या दीड वर्षाची असताना माहेरी वारली. आजोबांनी दुसरं लग्न केलं आणि पहिलीचं नावही घरात निघेनासं झालं. फोटो नाही. माहेर कुठलं, हे सांगणारं कोणी उरलं नाही.

हातात होतं ते फक्त नाव. मारिया लोपीस!

आमच्याकडे चर्चबाहेर या नावाने हाक मारा, दहा बायका वळून बघतील. माझं डोकंच फिरलं होतं.

माळ्यावर आत्या तान्ही होती त्या, १९५५ ते ५७ सालच्या चर्चच्या मासिकाच्या बांधीव फायली होत्या. शेवटच्या पानावर निधनवार्ता. मधोमध लांब टेबल, त्याला लावलेल्या बारा खुर्च्या. मी उजेडासाठी खिडकीत बसले, टेबलाकडे पाठ करून.

पहिली सापडली. मारिया लोपीस, वय साठ.

"ही नाही," मी मोठ्याने म्हटलं.

मागे... खर्रर्र.

खुर्ची ओढल्यासारखा आवाज. खाली स्टॅनी अंकल असतील. वाचनालय तेच सांभाळतात.

दुसरी कॉन्व्हेंटमधली सिस्टर निघाली.

"ही पण नाही."

खर्रर्र...

तिसरी. चौथी. 'मारिया लोपीस, अल्प आजाराने.' बस, एवढंच! ना गाव, ना नवऱ्याचं नाव. अरे बाबांनो, अजून एक ओळ छापायला काय झालं होतं? धुळीने शिंका, घामाने जीव नकोसा. शेवटी तर मी धड न वाचताच "नाही, नाही" करत पानं उलटत होते.

नऊ मारिया झाल्या. मी फाइल आपटून मागे वळले.

नऊ खुर्च्या टेबलापासून ओढलेल्या होत्या...

सगळ्यांची तोंडं माझ्याकडे.

तेवढ्यात स्टॅनी अंकल जिना चढून आले.

"अगं, मी घरी जेवून आत्ताच येतोय. एवढ्या खुर्च्या कशाला ओढल्यास?"

आम्ही दोघांनी खुर्च्या परत लावल्या.

तशीच भुईगावला गेले. आत्या जागी होती. पण माझ्याकडे नाही... माझ्या मागे बघत होती.

"एवढ्या बायका कुठून आणल्यास गो?"

दारात कोणीच नव्हतं.

"सगळ्या म्हणतात, मीच तुझी आई. ती सिस्टरपण तेच म्हणते. बाय, सांग ना... यातली माझी कुठली?"

सिस्टरबद्दल मी तिला काहीच बोलले नव्हते.

मला सांगता येईना. रडूच आलं. स्वतःचाच राग आला. धड वाचलं असतं तर कदाचित सांगता आलं असतं.

पहाटे आत्या गेली. तिची मूठ मिटलेली होती... लहान पोराने कुणाचं तरी बोट धरावं तशी.

आठवड्याने मी पुन्हा माळ्यावर गेले. या वेळी प्रत्येक ओळ नीट वाचणार होते.

दार उघडलं...

आठ खुर्च्या ओढलेल्या होत्या.

आठ. नऊ नाही.

आत्यासोबत कोण गेली? तिची आई, की भलतीच कोणी? मी न वाचताच जिला "नाही" म्हटलं, ती आमचीच होती का?

मी दारातूनच परत फिरले. आठही खुर्च्यांची तोंडं दाराकडे होती.

मिस्सा अजून लावलेली नाही. फादर तारीख विचारतात, आणि मी "शोधतेय" म्हणते.