मृणालचे ठिपके

जानकीपुरमच्या त्या घरात दुपारचे तीन वाजले होते, पण बाहेर धुकं असं दाटलं होतं की फाटकही दिसेना. हेमचंद्र हातात प्लग-टेस्टर घेऊन खोलीखोलीतले सॉकेट तपासत फिरत होते; अर्थिंग ठीक असेल तर त्याचे दोन्ही दिवे हिरवे लागत. तासाभरात लेक सावनी चारबाग स्टेशनहून येणार होती. सोबत दहा महिन्यांचा निनाद, नुकताच रांगायला लागलेला. आई गेल्यानंतर ती पहिल्यांदाच माहेरी येत होती.

"नई अर्थिंग डाल दी, भाईसाहब," राजाराम मिस्त्री निघताना म्हणाला होता. "अब मशीन से लिपटकर सो जाइए!" मग त्याला मशीनपाशी काय घडलं होतं ते आठवलं. जीभ चावून तो निघून गेला.

खरं काय ते त्यालाही ठाऊक नव्हतं. घरात आधी अर्थिंग नव्हतंच. जिथे झिणझिण्या येत, तिथे त्यांची बायको मृणाल नेलपॉलिशचा लाल ठिपका लावायची. इथे हात लावू नका. "मिस्त्रीला बोलवा हो," ती दोन वर्षं म्हणत होती.

"शास्त्रज्ञाच्या घरात मिस्त्री कशाला?" हेमचंद्र म्हणायचे.

शेवटी त्यांनी खऱ्या अर्थिंगऐवजी सॉकेटांच्या आत न्यूट्रल आणि अर्थिंगची पिन तारेच्या तुकड्याने जोडून टाकली. टेस्टर फसला, दोन्ही दिवे हिरवे. ठिपके त्यांनी स्वतः खरवडून काढले. पुढे एका सकाळी न्यूट्रलची तार तुटली, त्या तुकड्यातून वॉशिंग मशीनच्या पत्र्यात करंट उतरला आणि मृणालचे हात ओले होते...

राजाराम यायच्या आधी त्यांनी ते सातही तुकडे गुपचूप काढले होते. कुणाला कळलं नव्हतं. सावनीलाही नाही.

हॉल, हिरवे. स्वयंपाकघर, हिरवे. शेवटी पाळण्याची खोली. भिंतीच्या तळाशी, रांगणाऱ्या पोराच्या हाताशी येईल असा सॉकेट. तिथेही हिरवे.

पण त्याखाली एक लाल ठिपका होता.

त्यांनी बोट लावलं. ओला... खोलीभर नेलपॉलिशचा उग्र वास दाटला होता.

मेन स्विच बंद करून त्यांनी सॉकेट उघडला. आत तारेचा तुकडा. आठवा. ते विसरूनच गेले होते, आणि राजारामच्या नजरेतूनही तो सुटला होता. त्यांनी तो उपटून काढला, झाकण बसवलं, बोट रुमालाला घासघासून पुसलं.

"झालं, मृणाल," ते कुजबुजले. "आता सगळं झालं..."

पाठीमागे काचेच्या छोट्या बाटलीचं झाकण फिरवल्यासारखा आवाज आला. त्यांनी वळून पाहिलं नाही.

फाटकाशी ऑटो थांबला. ते धावतच बाहेर गेले.

"अरे बाबा, किती वाळलात! खाता की नाही?" सावनीने निनादला पुढे केलं. "घ्या ना. हाँ, घ्या, इतके घाबरता काय? नातू आहे तुमचा."

पोराने हसत दोन्ही हात पसरले. हेमचंद्रांनीही पसरले, आणि तसेच थबकले.

त्यांच्या दोन्ही हातांच्या पाठीवर एकेक गोल, लाल, ओला ठिपका होता.